मला कोणीही वाचवलेलं नाही

आमच्या इमारतीत सध्या जी बातमी फिरते आहे तिचा मी जाहीर निषेध करतो. बातमी अशी, की मी समुद्रात बुडत होतो आणि मला वाचवलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे हळव्या नजरेने बघतात. तळमजल्यावरच्या काकू, ज्या एरवी माझी चप्पल त्यांच्या पायपुसण्याला लागली तरी आठवडाभर अबोला धरतात, त्यांनी परवा मला दारात अडवलं, "देवाची कृपा हो!" म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी त्यांना शांतपणे सांगितलं, की देवाचा यात काही संबंध नाही, तो त्या दिवशी बोटीवर नव्हता. यावर काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "धक्का बसलाय. असं बोलतात धक्का बसल्यावर. बदाम देत जा."

तेव्हा हा खुलासा. मी बुडत नव्हतो. मला पाण्याबाहेर यायचं नव्हतं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण काठावरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि आमच्या इमारतीत सगळे काठावरचेच लोक राहतात.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दोरीवर चादरी वाळत नसतील तेव्हा, समुद्रातली बेटं दिसतात. ज्वालामुखीची बेटं आहेत. काळी, टोकदार, करपलेली पातेली कोणी घासायचा कंटाळा करून पाण्यात उपडी घालून ठेवावीत तशी. ती बघायला कुठून कुठून लोक येतात, गळ्यात दुर्बिणी अडकवून आमच्या रस्त्यावरून जातात. आम्ही मात्र कधी गेलो नाही. जवळ असलेली गोष्ट कधीही बघता येते, म्हणून ती कधीच बघितली जात नाही. शिवाय मी उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात काढला. अख्ख्या शहराला पाणी पाजलं, पण स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात गेलो नाही. हलवाई पेढे खात नाही, त्यातलाच प्रकार.

तर एका रविवारी मुलगा आणि सूनबाई आले आणि मुलाने जाहीर केलं, "पुढच्या आठवड्यात आपण सगळे बेटांवर जातोय. दिवसभराची बोट आहे. सी लायन, पक्षी, कासवं. आणि दुपारी स्नॉर्केलिंग. म्हणजे तोंडात नळी धरायची, काचेचा मुखवटा लावायचा आणि पालथं तरंगत खालचे मासे बघायचे."

"वा!" मी म्हणालो. "मग मला मुखवटा आणावा लागेल."

मुलाने सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने पंख्याकडे पाहिलं.

"बाबा, तुमचं दोघांचं ज्येष्ठ श्रेणीत केलंय," मुलगा म्हणाला. "तुम्ही बोटीवरच बसायचं. सावली असते. सूप देतात."

सूप! तो शब्द त्याने ज्या आवाजात उच्चारला, त्याच आवाजात मी त्याला लहानपणी इंजेक्शननंतर गोळी मिळेल असं सांगत असे.

"आणि मासे?"

"वरूनही छान दिसतात बाबा."

"वरून बघायला मी काय घार आहे?"

"तुम्हाला पोहता येत नाही."

"माशांना तरी कुठे चालता येतं? म्हणून ते काय घरी बसलेत?"

हा युक्तिवाद आता लिहिताना थोडा लंगडा वाटतो, पण त्या क्षणी त्याने खोलीत शांतता पसरली होती. शांतता बायकोने मोडली. "अहो, सूप मिळतंय ना आयतं? मग कशाला नसता उद्योग?"

मी त्याच क्षणी ठरवलं. मी पाण्यात उतरणार. सूप पिणार नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळी इमारत 'सल्लागार' म्हणते. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले. नोकरीत असताना त्यांनी लोकांना भीती विकली. आता ती फुकट वाटतात. जिन्यात भेटले आणि म्हणाले, "समुद्रात उतरताय म्हणे. वा! धाडस आहे. आमच्या एका पॉलिसीवाल्याचं असंच झालं होतं."

"काय झालं होतं?"

"ते नको. तुम्ही जा."

"अहो, पण झालं काय?"

"काही नाही हो. बायको-मुलांचं नीट झालं, हे महत्त्वाचं." एवढं बोलून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला. मग दोन पायऱ्या चढून वर गेले, परत खाली आले आणि म्हणाले, "आधी बादलीत करून बघा. ज्याला बादली जमत नाही त्याने समुद्राच्या वाटेला जाऊ नये."

सल्ला देणाऱ्याचा कितीही राग आला तरी सल्ला चांगला असू शकतो, हे मानण्याचा मोठेपणा माझ्यात आहे. मी बाजारात जाऊन मुखवटा आणि नळी विकत आणली. बोटीवर भाड्याने मिळतात, पण जी नळी जगातल्या प्रत्येक खंडाच्या तोंडात जाऊन आली आहे ती मी माझ्या तोंडात घालणार नाही. मुखवटा उत्तम होता. दुकानदार म्हणाला, वीस वर्षं टिकेल. मी म्हणालो, चाळीस टिकवून दाखवतो.

आमच्याकडे वस्तू टिकतात. टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो. बॅगांना खोळी आहेत आणि खोळींना जुन्या चादरींच्या खोळी आहेत. फ्रिज येऊन इतकी वर्षं झाली की आतला बल्ब तिसरा आहे, पण दारावरचं कंपनीचं पातळ प्लास्टिक अजून पहिलंच आहे. बायको अधूनमधून त्याच्या कोपऱ्याला नख लावते. मी खोकतो. ती नख काढून घेते. संसार याच तत्त्वावर चालतो.

तर बादली. मी न्हाणीघराची कडी लावली, बादली काठोकाठ भरली, गुडघे टेकले, मुखवटा लावला, नळी तोंडात धरली आणि डोकं पाण्यात घातलं. श्वास येत होता, जात होता. नळीतून गुळगुळ असा आवाज येत होता, पण एकंदरीत मी प्रसन्न होतो.

बाहेरून बायकोचा आवाज आला. "अहो? काय चाललंय?"

मी म्हणालो, "सराव चाललाय." पण तोंडात नळी होती. बाहेर जे ऐकू गेलं ते, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, गाभण म्हशीने शेवटचा श्वास सोडावा तसं होतं.

"अहो! दार उघडा!"

मी म्हणालो, "मला काही झालेलं नाही." म्हैस पुन्हा वारली.

पुढच्या काही क्षणांत सल्लागार धावत खाली आले आणि त्यांनी खांद्याने कडी तोडली. आत मी गुडघे टेकून, डोकं बादलीत घालून बसलो होतो. सल्लागारांनी मला मागून कवेत घेतलं आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "असं करू नये हो. मुलगा काही बोलला का?"

त्या दिवसापासून आमच्या न्हाणीघराला कडी नाही. आत असलेल्या माणसाने गाणं म्हणत राहावं असा नियम केला आहे. मला एकच गाणं येतं. त्यामुळे मी आंघोळीला किती वेळ लावतो, हे आता खालच्या मजल्यालाही कळतं.

पण हे सगळं किरकोळ होतं. खरी गाठ धक्क्यावरच्या तिकीट कचेरीत पडली. खिडकीत एक कारकून बसला होता. त्याच्याकडे बघताच मी ओळखलं, की हा आपल्याच जातकुळीतला आहे. मीही त्याच पद्धतीने पेन खाली ठेवत असे: हळू, समोरच्याला आशा वाटावी आणि मग वाटू नये, अशा बेताने.

"वय?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं.

"पासष्टच्या वर पाण्यात उतरायचं असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो."

आमच्या डॉक्टरांना दाखला मागितला तेव्हा ते म्हणाले, "पोहता येतं?"

"नाही."

"मग 'पोहण्यास योग्य' असं कसं लिहू? उद्या मला विचारतील." त्यांनी बराच विचार केला आणि लिहिलं, 'तरंगण्यास हरकत नाही.'

कारकुनाने तो दाखला उजेडात धरला. "तरंगायला हरकत कोणाचीच नसते," तो म्हणाला. "शेवटी सगळेच तरंगतात." आणि शिक्का मारला. मला त्याच्याविषयी आदर वाटला. खात्यात अशी माणसं आता राहिली नाहीत.

"जबाबदार सोबती कोण?"

"म्हणजे?"

"घरचं माणूस. पासष्टच्या आतलं. पाण्यात तुमच्यापासून हाताच्या अंतरावर राहायचं. सोबती नाही तर पाणी नाही."

मी मागे उभ्या असलेल्या मुलाकडे वळलो. मुलाने हाताची घडी घातली. "मी तुमची जबाबदारी घेणार नाही, बाबा. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय." सूनबाईने पुन्हा पंख्याकडे पाहिलं. त्या कचेरीत पंखा नव्हता.

राहिली बायको. ती माझ्याहून चांगली सहा वर्षांनी लहान, म्हणजे नियमात बसत होती. कारकुनाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "या आजोबांची जबाबदारी तुम्ही घेता?"

मी 'आजोबा' या शब्दाला हरकत घेणार होतो, पण बायकोने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी भाजीवाल्याकडे उरलेल्या भोपळ्याकडे बघावं तसं.

"इतकी वर्षं घेतलीच आहे," ती म्हणाली.

"लेखी घ्या."

तिने सही केली. पेन परत देताना तिच्या लक्षात आलं. "हाताच्या अंतरावर म्हणजे... पाण्यात?"

"पाण्यात."

"मी नाही हो उतरणार! ते पाण्यात उतरायचं काळं रबर अंगाला चिकटवून चारचौघांत फिरू मी? सुनेसमोर?"

"ते तुमचं तुम्ही बघा," कारकून म्हणाला. "त्या उतरल्या तर हे उतरतील. त्या नाही, तर हे नाही." आणि त्याने खिडकी लावून घेतली. मुलाच्या चेहऱ्यावर, अगदी थोडं, समाधान होतं.

आमच्या घरात त्यानंतर जे दिवस गेले त्यांचं वर्णन करत नाही. मी विनवणी केली, युक्तिवाद केला, दोनदा भांडी घासली. बायको एवढंच म्हणे, "बघू. बोटीवर गेल्यावर बघू." संसारात मुरलेल्या माणसाला 'बघू' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

सहलीच्या दिवशी सकाळी धक्क्यावर पोहोचलो, तर बाकावर एक सी लायन, म्हणजे समुद्रसिंह, झोपला होता. चांगला पोटसुटा, मिशाळ, वयस्कर. सगळं बाक अडवून घोरत होता. लोक त्याचे फोटो काढत होते आणि कौतुकाने उभे होते. मी त्याच बाकाच्या कोपऱ्यावर टेकलो, तर रखवालदाराने शिट्टी वाजवून मला उठवलं. त्या प्राण्याला अंतर द्यायचं असतं म्हणे. बोटीवर चढताना माझ्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला. पिवळा म्हणजे ज्येष्ठ. त्या सी लायनला कोणी पट्टा बांधलेला नव्हता.

बोटीवर आमची गाईड एक ताठ कण्याची, गळ्यात शिट्टी घातलेली बाई होती. तिने बेटं दाखवली. कड्यावर हजारो पक्षी बसले होते, आणि सगळे एकमेकांना जागेवरून बोलत होते. सोसायटीच्या वार्षिक सभेची आठवण झाली. काळ्या खडकांतून मध्येच वाफेची एक रेघ वर जात होती. गाईड म्हणाली, "हा ज्वालामुखी झोपलाय. पण मेलेला नाही, हे लक्षात ठेवा."

मी मुलाकडे बघून म्हणालो, "ऐकलंस?"

मग बोट एका खाडीत थांबली. पाणी इतकं स्वच्छ होतं की नांगराची साखळी तळापर्यंत दिसत होती. तरुण मंडळी रबराचे पोशाख चढवू लागली. गाईड हातवारे करून काही सूचना देत होती. त्याच वेळी, छताखाली ओळीने बसलेल्या आम्हा पिवळ्या पट्ट्यांसमोर सूप आलं. मी ते नाकारलं. वाढणारा म्हणाला, "ज्येष्ठांना आहे." मी म्हणालो, "म्हणूनच नको." तो पुन्हा म्हणाला, मी पुन्हा म्हणालो. शेवटी त्याने ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि तो निघून गेला. या झटापटीत गाईडच्या सूचना ऐकायच्या राहिल्या, आणि पुढचा सगळा गैरसमज तिथून सुरू झाला, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. दोष सुपाचा आहे.

बायकोने तिचं सूप दोन्ही हातांत धरलं होतं. ती पाण्याकडे बघत होती. भोपळा दुकानात जसा गप्प बसतो तसा बसून राहिलो.

मुलगा रबरात शिरलेला, पायांत बदकाचे पंजे, फटाक फटाक करत आला. "आई, तू आरामात बस हं. तुला हे जमायचं नाही. तू बसलीस की बाबाही आपोआप बसतील."

बायकोने सूप खाली ठेवलं.

"काय जमायचं नाही?"

"अगं, म्हणजे... पाण्यात वगैरे."

"तुला पोहायला शिकवायला त्या तलावाच्या काठावर उन्हात कोण उभं राहत होतं? तू पायरी सोडत नव्हतास. रोज भोकाड." मग ती सूनबाईकडे वळली. "ते रबर आण गं. माझ्या मापाचं. आणि तिकडे बघून उभी राहा."

पुढे बराच वेळ दोन माणसं बायकोला आणि दोन मला त्या पोशाखात भरत होती. उशीच्या अभ्र्यात गादी भरावी तसं ते काम होतं. एकदा भरल्यावर मला हात खाली आणता येईनात. वर लाइफ जॅकेट घातलं. पण मी उभा होतो, आणि छताखालच्या बाकी पिवळ्या पट्ट्यांनी सुपाचे वाडगे खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. एका आजींनी हळूच टाळी वाजवली. बोटीवरच्या त्या क्षणी मी निवडणुकीला उभा राहिलो असतो तर निवडून आलो असतो.

शिडीने उतरलो. पाणी असं गार, की नोकरीत ज्या ज्या वरिष्ठांना मी मनातल्या मनात बोललो होतो ते सगळे एकदम आठवले. बायको माझ्यामागून उतरली. तिने भाड्याचा मुखवटा लावला, नळी पुसून तोंडात धरली आणि माझा दंड घट्ट पकडला. मी म्हणालो, "घाबरू नकोस." अर्थात म्हशीच्या भाषेत.

तोंड पाण्यात घातलं.

आता खरं सांगायचं तर माझी घोर निराशा झाली. समुद्राच्या आत काही नव्हतं. सगळीकडे धुकं. पातळ ताकात डोळे उघडावेत तसं. मध्येच एखादा काळपट डाग सरके, मध्येच पिवळट. आजूबाजूचे लोक डोकं वर काढून किंचाळत होते, "कासव! कासव!" मी मनात म्हटलं, हे पर्यटक लोक पैसे दिल्यावर काहीही बघतात.

गाईड पोहत आली. "दिसलं का आजोबा?"

"दिसलं."

"कुठल्या बाजूला?"

"सगळीकडेच," मी म्हणालो. हार मी कोणापुढेही मानत नाही, कासवापुढेही नाही.

तेवढ्यात मुलाच्या नाकातोंडात पाणी गेलं. तो खोकत, शिंकत, शिडी चढून वर गेला आणि थेट ज्येष्ठांच्या सावलीत जाऊन बसला. त्याला माझं सूप दिलं. याबद्दल मी काहीही मत व्यक्त करत नाही.

बायकोने डोकं वर काढलं, नळी तोंडातून उपटली आणि ओरडली, "अहो! केवढं आहे हो ते! आणि किती शांत! खडकावरचं शेवाळ खातंय बघा, जसं काही घाईच नाही कशाची!"

तिचा असा आवाज मी फार वर्षांत ऐकला नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःचं घर उघडून बघितलं तेव्हा ती असंच 'केवढं' म्हणाली होती. घर दोन खोल्यांचं होतं.

"हो, हो, बघतोय," मी म्हणालो.

"तुम्ही तिकडे बघताय. ते इकडे आहे."

"इकडचंच बघतोय तिकडून."

ती जवळ आली. बरणीत लोणचं किती उरलंय ते बघावं तसं तिने माझ्या मुखवट्यात डोकावून पाहिलं.

"अहो! काचेवर प्लास्टिक आहे!"

"असू दे. ओरखडे पडतील." हे मी विचार करून बोललो नाही, आतूनच आलं.

तिने काचेच्या कोपऱ्याला नख लावलं. मी सवयीने खोकलो. तोवर नळी पुन्हा तोंडात गेली होती, त्यामुळे खोकल्याचा भोंगा झाला आणि खाडीतले चार पक्षी उडाले. तिने नख काढलं नाही. इतक्या वर्षांचा फ्रिज तिच्या बोटात उतरला होता. तिने ते प्लास्टिक एका झटक्यात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, चर्रकन ओढून काढलं, चुरगाळून स्वतःच्या बाहीत खोचलं, आणि माझं डोकं धरून पाण्यात घातलं.

मी उपमा देऊन देऊन म्हातारा झालो, पण इथे माझ्याकडे काही नाही. खाली काळ्या दगडाच्या पायऱ्याच पायऱ्या होत्या. कधीतरी आग वाहत आली आणि पाण्यात शिरताना जशी थबकली तशीच गोठली होती. त्या पायऱ्यांवरून निळे मासे थव्याने उतरत होते, एकदम वळत होते, एकदम चमकत होते. दगडांतून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत होती, कारण तो खालचा झोपलेला श्वास घेत होता. आणि माझ्या अगदी खाली कासव होतं. परातीएवढी पाठ, सुरकुतलेली मान. ते शेवाळाचा घास घेई, चावे, थांबे, पुन्हा घेई. त्याच्या वयाचा दाखला त्याला कोणी विचारला नव्हता.

आणि बोटीवरून शिट्टी वाजली.

सगळे वळले. शिडीकडे निघाले. मी नाही वळलो. आता कुठे दिसायला लागलं होतं! गाईड हाका मारू लागली. मी हात वर केला आणि पंजा हलवला. सरकारी कचेरीत याचा अर्थ एकच होतो: थांबा, साहेब कामात आहेत. पण सूप चालू असताना गाईडने ज्या सूचना दिल्या होत्या, त्यांत असं सांगितलेलं होतं, की ठीक असाल तर मूठ डोक्यावर ठेवा, आणि हात वर करून हलवलात तर त्याचा अर्थ मी बुडतोय.

गाईडने सूर मारला. बोटीवरून गोल तराफा पडला, दोर पडला, भोंगा वाजला. तिने मला मागून काखेत धरलं आणि ओढायला सुरुवात केली. मी झटापट केली. "बुडणारा माणूस झटापट करतोच!" ती ओरडली. म्हणून मी झटापट सोडली. "शुद्ध जातेय!" ती ओरडली. मी मोठ्याने सांगितलं, मला सोडा, मी मजेत आहे. नळीतून बाहेर पडलेला तो आवाज सूनबाईने मोबाइलवर टिपला, आणि आम्ही किनाऱ्याला लागायच्या आत तो इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर पोहोचला होता. सल्लागारांनी तो तीनदा ऐकला म्हणे.

मला डेकवर आडवं केलं. टॉवेल गुंडाळले. कोणीतरी सूप आणलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

बायको मात्र शिडीने, स्वतःच्या पायांनी, वर आली. रबरातून पाणी निथळत होतं, केस गालाला चिकटले होते. गाईड तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आजी, सोबती म्हणून तुमची सही आहे. शिट्टी वाजली तेव्हा तुम्ही त्यांना घेऊन का नाही आलात?"

"मी कशाला आणू?" बायको म्हणाली. "मीच धरून ठेवलं होतं त्यांना."

मी टॉवेलातून मान वर काढली. माझा दंड! शिट्टीनंतर तो इतका घट्ट आवळला गेला होता, की मला वाटलं ती घाबरली आहे.

"धरून ठेवलं? का?"

"तुम्हीच सांगितलंत ना, कासव श्वास घ्यायला वर येतं म्हणून? ते यायचं बाकी होतं. यांना आत्ता कुठे दिसायला लागलेलं. म्हटलं, बघूनच जाऊ."

"अहो आजी, नियम आहे. जबाबदार माणसाने शिट्टी झाल्यावर..."

"जबाबदार मी आहे ना? मग कधी निघायचं ते मी ठरवलं. चुकलं असेल तर मला बोला. त्यांना कशाला ओढलंत?"

मुलगा मध्ये पडला. त्याच्या हातात अजून माझा वाडगा होता. "आई, अगं बाबांचं एक ठीक आहे. पण तू तरी समजून घ्यायचंस!"

"आयुष्यभर 'तू तरी' म्हणून मीच समजून घेतलं रे," बायको म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुझं, यांचं, सगळ्यांचं. आज नाही घेतलं. बोल."

छताखालच्या ओळीत कोणीतरी वाडगा जोरात खाली ठेवला. आणि बोटीच्या कडेला पाण्यातून 'फुस्स' असा आवाज आला.

बायको ताडकन वळली. "सरक जरा," ती मुलाला म्हणाली. "मध्ये येतोयस."

मी टॉवेल फेकून तिच्याशेजारी कठड्याला जाऊन उभा राहिलो. कासवाने सुरकुतलेली मान वर काढली, सावकाश एक श्वास घेतला, आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि कोणालाही न विचारता खाली गेलं.